टिलवा पोहत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तिच्यासमोर एकदा तोंड उघडलं होतं — त्याचंही पुढे येईल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. ओळखीच्या माणसापुढे बसलं की मी लगेच स्वतःला जरा बरं दाखवायला लागते. इथे तसं करणार नाही का? करेनही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

गोष्ट एका पक्ष्याची आहे. म्हणजे — नाही, पक्षी बिचारा वाट चुकून आला आणि निघून गेला. गोष्ट फ्लोरामावशींची आहे. त्यांनी मला पक्षी बघायला शिकवलं, आणि मी त्यांचं काय केलं, त्याची.

मी पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि काचेवर जे दिसतं तेच लिहायचं. आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही, पेशंटला काय बरं वाटेल तेही नाही. इतकी वर्षं हे काम चोख केलं. एकाही रिपोर्टात कधी खोटं लिहिलं नाही. हे मी माझ्या बाजूने सांगत नाहीये. उलट, खोटं म्हणजे काय हे मला नीट माहीत होतं, एवढंच सांगायचंय.

राहायला विचुंब्याला. लेक शिकायला पुण्याला गेली, नवरा रविवारी दुपारपर्यंत झोपणारा, घर एकदम रिकामं वाटायला लागलं. लॅबमध्ये तेव्हा असलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. पनवेल, करंजाडे, उरण, इकडचीच सगळी माणसं. कुणीतरी सकाळी एक फोटो टाकायचं आणि खाली लिहायचं, ‘हा कोण?’ मग बाकीचे कामाला लागायचे. पाय पिवळे आहेत का बघा. चोच सरळ आहे की वर वळलेली? शेपूट दिसेल असा दुसरा फोटो आहे का? कधी दुपारपर्यंत वाद चालायचा आणि संध्याकाळी सगळे एका नावावर यायचे. ज्याचा फोटो, त्याला इतका आनंद व्हायचा, जणू त्याच्या घरात बारसं झालंय. मला तो खेळ फार आवडला. आपल्याला एकट्याला जे कळत नाही ते चारजण मिळून कळून घेतात, आणि त्यात कुणी कुणाला हसत नाही. आयुष्यात असं दुसरीकडे कुठे बघितलंय तुम्ही? मी तरी नाही.

त्या ग्रुपमध्ये सगळ्यांत जुन्या फ्लोरामावशी. सत्तरीच्या पुढच्या. मुंबईच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करून निवृत्त झालेल्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. पनवेलात सिनेगॉगजवळच्या गल्लीत जुनं घर, घरात त्या एकट्या. यजमान गेलेले, एकुलता मुलगा बेन्नी तिकडे इस्रायलला, अश्दोदला. जवळजवळ सगळे नातेवाईकही तिकडेच. तो वर्षानुवर्षं म्हणत होता, आई, इकडे ये. आणि त्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या, नाही. ‘‘आमचे लोक गलबत फुटून ह्याच किनाऱ्याला लागले,’’ असं त्या हसून सांगायच्या, ‘‘आता मी कशाला दुसरा किनारा शोधू? माझं सगळं इथं आहे. आणि मला अजून सगळं दिसतंय.’’

शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, त्या घराबाहेर पडायच्या नाहीत. म्हणून आमचं फिरणं रविवारी. हरेशदादाच्या गाडीतून जायचो. हरेशदादा उरणकडच्या गावातला. त्याच्या आजोबांनी मिठागरं राखली, वडलांनी नव्या शहरासाठी जमीन दिली, आणि त्याचा आता करंजाड्याला बांधकामाचा धंदा. भलामोठा कॅमेरा घेऊन फिरायचा आणि मावशींना हाताला धरून बांधावर चढवायचा. ‘‘आमी फोटो काडतो, पन पक्षी दिसतो तो मावशीलाच,’’ असं म्हणायचा. ते खरंच होतं. आम्ही चारचौघं दुर्बिणी लावून उभे असायचो आणि मावशी नुसत्या डोळ्यांनी म्हणायच्या, ‘‘त्या तिवराच्या खाली बघा गं, पान हललं ते वाऱ्यानं नाही हललं.’’

मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘‘नाव काय, हे लगेच विचारू नको. आधी बघ तो काय करतोय. नाव पुस्तकात मिळतं, करणी पुस्तकात मिळत नाही.’’

मी मात्र नावांच्याच मागे लागले. पुस्तकं आणली, लॅबमध्ये डबा खाताना पाठ केली. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की ग्रुपवर फोटो पडला की सगळे माझी वाट बघायचे. ‘वैशाली मॅडम सांगतील.’ मी सांगायचे, बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. पण एक गोष्ट मला आतून खात होती. मी ओळखायचे ते सगळे दुसऱ्यांनी शोधलेले पक्षी. स्वतः एकही वेगळा पक्षी मी कधी शोधला नव्हता. मला नावं येत होती. पक्षी दिसत नव्हते. हरेशदादाला एकदा दुर्मीळ ससाणा मिळाला, कॉलेजच्या एका मुलीला कुठलासा वेगळा सुरय मिळाला, मावशींना तर काय दर हिवाळ्यात काहीतरी मिळायचंच. मी मागून नाव लावणारी. कारकून.

हे सांगून मी कारण देतेय का? हो, वाटतंय खरं तसं. जाऊ द्या. पुढे सांगते.

त्या हिवाळ्याच्या आधी मावशींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. छान झालं होतं. दुसऱ्याचं उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं. आणि तेव्हापासून त्यांनी एक नवीन पद्धत सुरू केली. फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी मला एकटीला पाठवायचा. ‘‘आधी तू सांग, मग टाकते. म्हातारीचं हसं नको व्हायला.’’ मला त्याचा अभिमान वाटायचा. ज्यांनी शिकवलं त्याच आता मला विचारतात!

एका रविवारी मला लॅबमध्ये ड्यूटी होती. हरेशदादाच्या चुलतभावाची हळद, तो तिकडे अडकलेला. मावशी एकट्याच रिक्षा करून उरणच्या वाटेवरच्या मिठागरांवर गेल्या. तिथे लहान पाणपक्ष्यांचे थवेच्या थवे असतात, आणि त्यात सगळ्यांत जास्त टिलवे. टिलवा म्हणजे चिमणीएवढा, करड्या पाठीचा, चिखलात तुरूतुरू पळणारा. आमच्याकडे हिवाळ्यात कावळ्याइतका नेहमीचा.

मी स्लाइड बघत होते तेव्हा मावशींचा फोन आला. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता.

‘‘वैशाली, ऐक. टिलव्यासारखा आहे गं, पण पोहतोय! पाण्यावर बसलाय बदकासारखा आणि भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय. फिरतो, टोच मारतो, परत फिरतो. असं कुठं असतं का? मी आयुष्यात नाही बघितलं!’’

‘‘फोटो आहे?’’

‘‘काढलाय, पण लांबून. पाठवते.’’

फोटो आला. त्यांच्या छोट्या कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो, धूसर. करडी पाठ, पांढरं पोट, आणि डोळ्यामागे एक काळा डाग, काजळ फिसकटल्यासारखा. चोच सुईसारखी बारीक.

मला लगेच कळलं. हे तुम्हाला नीट सांगायचंय, कारण पुढे मी स्वतःशीच म्हणायचे की फोटो इतका वाईट होता, कळणार तरी कसं? पण कळलं होतं. फोटो यायच्या आधी, ‘गरगर फिरतोय’ म्हटल्या तेव्हाच कळलं होतं. तो फॅलारोप होता. हा पक्षी हिवाळाभर भर समुद्रात राहतो, लाटांवर बसतो, आणि पाण्यात स्वतःभोवती फिरून खालचे किडे वर आणतो. किनाऱ्यावर चुकूनमाकून येतो. आमच्या ग्रुपमधल्या कुणीही तो आमच्या भागात पाहिलेला नव्हता. पुस्तकात त्या पानावर मी किती वेळा थांबले होते.

आणि मी काय म्हणाले?

‘‘मावशी, टिलवा आहे.’’

 त्या म्हणाल्या, ‘‘टिलवा पोहत नाही गं.’’

‘‘नाहीच पोहत. उथळ पाण्यात उभा असणार. वाऱ्याने पाणी हलतं, वरून ऊन, तरंगल्यासारखं वाटतं लांबून.’’ एवढ्यावर थांबले असते तरी — पण मी थांबले नाही. मी म्हणाले, ‘‘तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं अजून व्हायचंय ना, मावशी.’’

हे वाक्य मीच बोलले. अगदी मायेने बोलले. लॅबमध्ये रक्त काढताना लहान मुलांशी बोलते तशा आवाजात.

‘‘हां,’’ त्या म्हणाल्या. ‘‘असेल. तसंच असेल. बरं झालं तुला आधी विचारलं, नाहीतर हसले असते सगळे.’’

आणि त्या घरी गेल्या. पक्षी अजून तिथे गरगर फिरत असताना, पाठ फिरवून, रिक्षा शोधत.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये ताप आल्याचं कळवलं आणि उजाडता उजाडता नवऱ्याची स्कूटर घेऊन मिठागरावर गेले. रस्ताभर वाटत होतं, नसू दे. उडून गेलेला असू दे. म्हणजे कुणालाच मिळायचा नाही आणि सगळं मिटेल. पण तो होता. शेकाट्या लांब लांब पाय टाकत चालत होत्या, टिलवे चिखलात पळत होते, आणि त्या सगळ्यांपासून दूर, पाण्याच्या मधोमध, तो एकटा फिरत होता. मावशींनी सांगितला होता अगदी तसा. फिरायचा, टोच मारायचा, परत फिरायचा.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू?  भरपूर फोटो काढले, त्यातले काही चांगले आले. आणि दुपारी मी ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘आज सकाळी अचानक दिसला.’ जागा मात्र दुसरीच लिहिली, पार खाडीच्या पलीकडच्या अंगाची. अचानक! बघा, शब्दसुद्धा मी विचार करून निवडला होता. मावशींनी पाठवलेला तो धूसर फोटो त्याआधीच फोनमधून पुसून टाकला.

ग्रुपवर नुसता पाऊस पडला कौतुकाचा. लांब लांबच्या पक्षीवाल्यांनी फोन केले. हरेशदादाने लिहिलं, ‘ताई, तुमी तर आमच्या खाडीचं नाव काडलंत.’ तो चौघांना गाडीत घालून मी सांगितलेल्या जागी गेला, उन्हात दुपारभर उभा राहिला, आणि हात हलवत परत आला. ‘उडाला वाटतं,’ असं लिहून त्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. त्या चौघांत फ्लोरामावशीही होत्या.

दोन दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या. कधी यायच्या नाहीत विचुंब्यापर्यंत, पण आल्या. पिशवीत पुरणपोळ्यांचा डबा. ‘‘तोंड गोड करायला आलेय,’’ म्हणाल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग पिशवीतून त्यांचा तो छोटा कॅमेरा आणि मोबाइल काढला.

‘‘रागावू नको हां. मला जरा दाखव गं समजावून. हा माझा त्या दिवशीचा टिलवा. आणि हा तुझा फॅलारोप. मला दोन्ही सारखेच दिसतायत. तो काळा डाग माझ्यातपण आहे असं वाटतं. कुठं फरक आहे?’’

इथे मी थांबू शकले असते. त्या भांडायला आलेल्या नव्हत्या. त्यांना संशयही नव्हता — किंवा असेल, पण माझ्यावर नव्हता. मी म्हणाले असते, ‘मावशी, माझी चूक झाली, तुमचाच होता,’ तर त्यांनी काय केलं असतं? मला माहितीये. हसल्या असत्या, माझ्या पाठीत एक धपाटा घातला असता, आणि ग्रुपवर दोघींचं नाव गेलं असतं. चूक झाली म्हणण्यात तर लाजसुद्धा नव्हती. त्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी चुकतच होतं.

मी त्यांच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘हे बघा मावशी, इथे पाय दिसतोय चिखलात. आणि तो डाग म्हणजे सावली आहे. माझ्यात बघा कसा स्पष्ट आहे. सारखे नाहीत.’’

पाय कुठे दिसत होता? पाणी होतं तिथे.

त्यांनी कॅमेरा डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. जिने तीस-पस्तीस वर्षं एक्स-रेमधल्या केसाएवढ्या भेगा शोधल्या ती बाई माझ्या सोफ्यावर बसून मी दाखवलेला, नसलेला पाय शोधत होती. आणि मग म्हणाल्या, ‘‘हां, दिसला.’’

कशाला म्हणाल्या असतील त्या तसं? माझं मन राखायला? की खरंच दिसला त्यांना, मी सांगितलं म्हणून? ह्या दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर त्या बदलल्या. एकदम नाही. रविवारी यायच्या, पण पुढे चालायच्या नाहीत, मागे राहायच्या. काही दिसलं तर सांगायच्या नाहीत. आधी कुणाला तरी विचारायच्या, ‘‘तिथं काही आहे का रे?’’ हरेशदादा म्हणायचा, ‘‘मावशी, तुमीच सांगा ना, तुमाला दिसतो आदी.’’ तर म्हणायच्या, ‘‘नाही बाबा, माझं काही खरं नाही आता.’’ आणि सगळ्यांना सांगायच्या, स्वतःवर विनोद करत, ‘‘मला तर टिलवासुद्धा पोहताना दिसला!’’ सगळे हसायचे. मीही हसायचे. सगळ्यांबरोबर, त्याच वेळी.

त्याच सुमारास गावातल्या एका वाचनालयाने मला बोलावलं — पाणपक्षी कसे ओळखावेत, ह्यावर बोलायला. पडद्यावर तो फोटो मोठा करून दाखवला. मावशी पहिल्या रांगेत होत्या, ठेवणीतली साडी नेसून. मी बोलता बोलता म्हणाले, ‘‘आधी नाव विचारू नका, पक्षी काय करतोय ते बघा.’’ त्यांचंच वाक्य. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या बाईंना कौतुकाने काहीतरी सांगितलं. मला स्टेजवरून ऐकू आलं नाही. पण काय सांगितलं असेल ते कळत होतं — ही माझी विद्यार्थिनी.

आणि मग एके दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात जमिनीवर भांडी काढून ठेवलेली, अर्धी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली.

‘‘बेन्नीला हो म्हटलं,’’ त्या म्हणाल्या.

मला क्षणभर कळलंच नाही. ‘‘कशाला हो म्हटलं?’’

‘‘तिकडं जायला. किती वर्षं भांडले त्याच्याशी. सांगायचे, माझे डोळे शाबूत आहेत, कान शाबूत आहेत, मला काय धाड भरलीय? पण आता कुठल्या तोंडानं सांगू? नसलेलं दिसायला लागलं, वैशाली. आज पक्षी आहे, उद्या गॅस बंद दिसेल आणि चालू असेल. एकटीनं राहायचे दिवस संपले माझे.’’

त्या हे रडत बोलत नव्हत्या. बशा गुंडाळत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले होते, आमच्या मध्ये वर्तमानपत्रांचा ढीग. आणि मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. ‘‘मावशी —’’ म्हणाले.

त्यांनी मान वर केली. ‘‘काय गं?’’

माझ्याकडे तेव्हा सगळं होतं. एक वाक्य होतं, वेळ होता, दाराला कडी होती, तिसरं कुणी नव्हतं. घर अजून विकलं गेलं नव्हतं. तिकीट काढलेलं नव्हतं. मला वाटलं — काय वाटलं सांगू? त्यांच्या दुःखाचा विचार माझ्या मनात आला नाही. वाटलं, ह्या हरेशदादाला सांगतील. मग ग्रुपवर कळेल. मग वाचनालयवाल्यांना कळेल. बस, एवढंच वाटलं.

‘‘चहा टाकू का?’’ मी विचारलं.

‘‘टाक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पातेलं तेवढं बाहेर आहे अजून.’’

जाण्याआधी त्यांनी घरी मलिदा केला. त्यांच्याकडे शुभकार्याला, नवसाला, प्रवासाला निघताना करतात — ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं, आणि प्रार्थना. पनवेलातली उरलीसुरली त्यांची माणसं होती आणि आमचा ग्रुप होता. प्रार्थना मला कळत नव्हती. हातावर मलिदा आला, तो मी खाल्ला. हरेशदादा कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. ‘‘नका जाऊ मावशी, आमी हाय ना,’’ असं म्हणाला तो. मी नाही म्हणाले. एकदाही नाही.

निघताना त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि त्यांची दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. जुनी, जड, त्यांच्या यजमानांनी दिलेली. ‘‘मला काय उपयोग आता,’’ म्हणाल्या. ‘‘तुझे डोळे चांगले आहेत.’’

मी ती घेतली. नको म्हणाले, पण जसं म्हणायचं असतं तसं म्हणाले, आणि घेतली.

तुम्हाला वाटेल, इथे तरी हिने — नाही. मी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्या गाडीबरोबर चालत गेले, हात हलवला, आणि घरी येऊन भात लावला.

त्यांचं घर विकलं गेलं, पाडलं गेलं, तिथे आता इमारत उभी राहतेय. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी तिकडेच करून घेतलं. बेन्नीने हरेशदादाला कळवलं होतं की डॉक्टर म्हणाले, ह्या वयात इतकी चांगली नजर क्वचित असते. हरेशदादाने ते ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी फुलं पाठवली. मीही फूल पाठवलं. नजर चांगली आहे हे डॉक्टरने सांगितलं तरी मावशींना पटलेलं नाही, हे मात्र ग्रुपला माहीत नाही. ते मला माहीत आहे. कारण त्या मला फोन करतात.

अधूनमधून करतात, बहुधा शुक्रवारी, तिकडे शब्बाथ सुरू व्हायच्या आधी. भाषा येत नाही, त्यामुळे बाहेर फारसं कुणाशी बोलणं नाही. सून चांगली आहे, पण कामावर जाते. नातवंडांना मराठी कळत नाही. दिवसभर त्या गॅलरीत बसतात, समोर हिरवळीचा एक तुकडा आहे. दर वेळी मी फोन उचलते तेव्हा ठरवते, आज सांगायचं. त्या जिवंत आहेत. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. हे सगळं तुम्हाला इतकं सविस्तर सांगू शकले, म्हणजे शब्दही आहेत. तरीही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज दबका, जणू काही कुणाला ऐकू जाईल.

‘‘वैशाली, एक विचारू? समोर गवतात एक पक्षी आलाय. तपकिरी अंग, पंखांवर काळेपांढरे पट्टे. चोच लांब, वाकडी, जमिनीत खुपसतोय. आणि डोक्यावर तुरा आहे, पंख्यासारखा, उघडतोय आणि मिटतोय.’’ मग आणखी हळू आवाजात, ‘‘मला आपला हुप्प्या वाटतोय. पण मी बेन्नीला नाही बोलले. म्हटलं, आधी तुला विचारावं. हुप्प्याच आहे ना गं? की मला आपलं काहीतरी दिसतंय?’’

हुप्प्या. शाळेतलं पोरसुद्धा ओळखेल. जगात त्याच्यासारखा दिसणारा दुसरा पक्षी नाही.

‘‘हुप्प्याच आहे, मावशी,’’ मी म्हणाले.

‘‘नक्की ना?’’

‘‘नक्की.’’

त्यांनी सुस्कारा सोडला. ‘‘तू आहेस म्हणून बरं आहे गं,’’ म्हणाल्या. ‘‘नाहीतर मी कुणाला विचारलं असतं?’’